मका स्वस्तात मिळाला होता

डुकरांच्या फार्मवर जायचं म्हटलं की आमच्यातले बरेच जनावरांचे डॉक्टर नाक मुरडतात, मला मात्र आवडतं, कारण हा प्राणी पोटात काय गेलंय ते लगेच अंगावर दाखवतो. नगर जिल्ह्यातली गोष्ट, त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत लांबलेला. फार्मवाल्या दादांचा फोन आला, "डॉक्टर, अडीच महिन्यांची पिल्लं माजावर येतात का हो?" म्हटलं नाही बुवा, सहा-सात महिने तरी जातात. "मग या लवकर, अख्खा कप्पा आलाय."

गेलो तर यॉर्कशायर जातीच्या मादी पिल्लांची निरणं, म्हणजे योनीची बाहेरची तोंडं, लालभडक सुजून टरारलेली, सड वाढलेले, आणि एकीचं तर कुंथून कुंथून अंगच बाहेर पडलेलं, त्यात बाकीच्यांनी ते चावून रक्तबंबाळ केलेलं. तिला आधी वेगळं काढलं. बाकी ताप नाही, घाण स्राव नाही, खाणंपिणं झकास. माज म्हणावा तर कमरेवर दाब दिला की पळतात, खरी माजावरची डुकरीण दाब दिला की हलत नाही. दादांना संशय की कुणी जळणाऱ्यानं रात्री येऊन काहीतरी टोचलं. पण त्याच कप्प्यातल्या खच्ची केलेल्या नरांचेही सड फुगलेले दिसले तेव्हा मी इन्फेक्शन डोक्यातून काढलं आणि विचारलं, मका कुठला घालताय?

मका पावसात भिजलेला, व्यापाऱ्याकडून निम्म्या भावात उचललेला. शेडमागे कणसांचा ढीग होता, त्यातली काही सोलून बघितली तर शेंड्याकडून खाली गुलाबी बुरशी उतरलेली. फ्युजेरियम. ही बुरशी झिअरॅलेनोन नावाचं विष बनवते, विष म्हणजे जनावर मरत नाही, पण त्याची घडण इस्ट्रोजेन या मादीच्या हार्मोनशी इतकी मिळतीजुळती की शरीरातले इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारे रेणू, त्याला आपलंच समजतात. खोट्या सहीचा आदेश आला तरी कचेरीत काम पुढे सरकतं ना, तसंच, गर्भाशय सुजतं, निरण सुजतं, पिल्लू मात्र वयात आलेलंच नसतं. डुकराच्या यकृतात याचं रूपांतर आणखी जोरदार रूपात होतं म्हणून सगळ्यात जास्त तडाखा त्यांनाच, कोंबड्यांना फारसं काही होत नाही. अमेरिकेत सडक्या मक्यामुळे डुकरांना हा त्रास होतो हे १९२८ सालीच छापून आलंय, म्हणजे नवीन काहीच नाही, पण आपल्याकडे बुरशीचं विष म्हटलं की सगळे अफ्लाटॉक्सिन या दुसऱ्या बुरशीच्या विषावरच अडकतात.

दादा म्हणाले, "पण मी धुवून, वाळवून, वर शिजवून घातलाय की!" इथेच सगळे फसतात. शिजवल्यानं बुरशी मरते, तिनं आधीच बनवून ठेवलेलं विष तसंच राहतं. खाद्यातलं विष धरून ठेवण्यासाठी मिसळतात त्या टॉक्सिन बाइंडरची पिशवीही होती, साधी बेंटोनाइट माती, ती अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी धरते पण याला नीट धरत नाही.

मग जाता जाता दादा म्हणाले की मोठ्या माद्याही माजावर येईनात, गाभणच असतील. सोनोग्राफीचं मशीन लावलं तर काही रिकाम्या. मला या केसमधला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो. डुकरात गर्भ साधारण अकराव्या-बाराव्या दिवशी स्वतः इस्ट्रोजेन सोडून आईला कळवतो की मी आहे, मग अंडाशयावरचे पीतपिंड, म्हणजे गाभणपण टिकवणारं हार्मोन बनवणाऱ्या गाठी, टिकतात आणि माज थांबतो. तोच निरोप मक्यातून रोज जात होता, त्यामुळे पोटात काही नसताना शरीर गाभण समजून बसलेलं. गाईत उलटं असतं, तिथे इस्ट्रोजेननं पीतपिंड विरघळायला मदतच होते, त्यामुळे गाईचं ज्ञान इथे चालवू नका.

मका त्याच दिवशी बंद, नमुना लॅबला. युरोपात लहान माद्यांच्या खाद्याला किलोमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवलेली आहे, आपला रिपोर्ट त्याच्या कितीतरी पट निघाला. रिपोर्ट हातात येईपर्यंत पिल्लांची सूज उतरायलाही लागली होती, औषध एका थेंबाचं नाही. अंग बाहेर पडलेलं पिल्लू टाके घालूनही वाचलं नाही. रिकाम्या माद्यांना पीतपिंड विरघळवणारं प्रोस्टाग्लॅंडिन दिलं, त्यातल्या बऱ्याच माजावर आल्या, दोन-तीन हट्टी निघाल्या त्या दादांनी काढून टाकल्या.

राहिला ढीग. दादा म्हणे कोंबड्यांना काही होत नाही तर शेजारच्या पोल्ट्रीला देतो. म्हटलं एवढ्या भिजलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन नसेलच असं कुणी सांगितलं, आणि ते कोंबड्यांना चांगलंच बाधतं. मग म्हणे व्यापाऱ्यालाच परत करतो. तो दुसऱ्या कुणाला तरी विकणारच की हो! यावर आमचं चांगलंच वाजलं, शेवटी जेसीबी लावून खड्ड्यात पुरला, आणि जेसीबीचं भाडं किती झालं ते दादा मला अजून ऐकवतात.