सासूबाईंचं मोमिनाबाद

१९८६ साली लग्न होऊन मी परभणीहून अंबाजोगाईला आले. सासूबाई मात्र शेवटपर्यंत गावाला मोमिनाबादच म्हणायच्या. निजामाच्या राज्यातलं ते नाव. इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती.

पहिल्याच आठवड्यात त्या मला योगेश्वरीच्या दर्शनाला घेऊन गेल्या. वाटेत गोष्ट सांगितली. देवी कोकणातली, लग्न ठरलेलं परळीच्या वैजनाथाशी. वऱ्हाड इथं मुक्कामाला थांबलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले. हत्तीखान्याच्या लेण्यांतले ते दगडी हत्ती म्हणजे त्या वऱ्हाडातलेच. देवी मग इथंच राहिली. कोकणातली कितीतरी घराणी आजही कुलदैवत म्हणून इतक्या लांब येतात. "देवीसुद्धा बाहेरूनच आली गं," सासूबाई म्हणाल्या. माहेरच्या आठवणीनं रोज डोळे भरून येत होते तेव्हा माझे. त्या एका वाक्याचा फार आधार वाटला.

पुढं कळत गेलं, या गावाची मोठी माणसंही बहुतेक अशीच आलेली. संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) नारायणपेठेचे. रोज ढब्बू पैशाची (तांब्याचं जुनं जाड नाणं) शाई त्यांना लागायची असं जुनी माणसं सांगतात. त्यांची गीतेवरची टीका 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांची, त्यामुळं मला ते खरंच वाटतं. आणि त्यांची पासोडी! सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते याचा, वेदान्त ओव्यांत आणि आकृत्यांत मांडलेला. कापडावर एवढं लिहायचं म्हणजे हात किती स्थिर हवा.

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीत आहे. त्यांचा ग्रंथ 'विवेकसिंधु' शके १११०चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधीचा मानतात. विदर्भातली मंडळी त्यांना वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे म्हणतात, आणि ग्रंथातल्या उल्लेखामुळं त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. तरी दरीत उतरलं की माझं मन इथलीच बाजू घेतं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती लक्ष्मी. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर, त्याची ही लेक. भाऊ राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला, तर तिनं त्याच्या नावानं देऊळ उभारलं. शके ११६२चा, म्हणजे १२४०चा शिलालेख आहे तिथं. दरवर्षी भाऊबीजेला मी त्या देवळापाशी जाऊन येते. माझाही भाऊ आता नाही.

स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३, सिंदगीचा. इथल्या योगेश्वरी शाळेत ते मुख्याध्यापक होते. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. पुढं निजामाविरुद्धचा सगळा मुक्तिसंग्राम त्यांच्या नेतृत्वाखाली लढला गेला. आमच्या मेडिकल कॉलेजला त्यांचंच नाव आहे. प्रमोद महाजनही याच गावात वाढले, पण त्यांच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय.

माझे सासरे लहानपणी योगेश्वरी शाळेतच होते. म्हातारपणी त्यांना उठवत नसे. पण १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदनाची वेळ झाली की म्हणायचे, "सूनबाई, मला जरा बसतं कर." भिंतीला टेकू न घेता, राष्ट्रगीत संपेपर्यंत ते तसेच ताठ बसून राहायचे.