पिरॅमिड लेकला गरवायला जाताय? आधी पायूट लोकांचं परमिट काढा

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी आणि माझा मित्र नेवाडातल्या पिरॅमिड लेकला जाऊन आलो, रीनोपासून ३५ मैलांवर. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातली बरीच मराठी मंडळी मासेमारीबद्दल विचारत असतात म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की हा अख्खा तलाव पिरॅमिड लेक पायूट ट्राइब या इथल्या मूळनिवासी जमातीच्या रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे त्यांच्या राखीव प्रदेशात आहे, १८५९ मध्ये ती जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली आणि १८७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या आदेशाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. त्यामुळे कॅलिफोर्नियाचं मासेमारीचं लायसन्स इथे चालत नाही, नेवाडाचं लागत नाही, लागतं ते ट्राइबचं परमिट. आम्ही ऑनलाइन काढलं, तलावाकाठच्या सटक्लिफ गावात रेंजर स्टेशनवरही मिळतं. बोट आणि कॅम्पिंगचं वेगळं, आणि बायकापोरं फक्त किनाऱ्यावर डबा खायला येणार असतील तरी त्यांचं डे यूज परमिट काढायचं. रेट बदलत असतात, निघायच्या आधी ट्राइबच्या साइटवर बघून घ्या.

आता गळाचं. जिवंत आमिष बंद, फक्त आर्टिफिशियल (ल्यूर, म्हणजे नकली आमिष), आणि गळ बार्बलेस म्हणजे उलटा काटा नसलेला. मी लहानपणी आजोळी देवगडला मामाबरोबर कोळंबी लावून गरवायचो, तिथे उलट्या काट्याशिवाय मासा हाती लागतच नाही असं डोक्यात बसलेलं, त्यामुळे बॉक्समधले दोन ल्यूर तसेच राहिले होते आणि नेमका रेंजर आला. त्याने शांतपणे दाखवलं, मी पकडीने तिथल्या तिथे काटे दाबून सपाट केले. चूक माझीच होती. तुम्ही हे काम घरीच करून निघा.

ट्राउटचा सीझन १ ऑक्टोबर ते ३० जून. दिवसाला दोन मासे, पण १७ ते २० इंचातले किंवा २४ च्या वरचे, आणि २४ च्या वरचा एकच. मधल्या साइजचा मासा परत पाण्यात, म्हणून मोजपट्टी खिशातच हवी. माझा एकुलता एक २२ इंची होता, पाण्यातच गळ काढला आणि सोडला. क्वीवी नावाचा मासा चुकून लागला तर तोही लगेच सोडा, तो जगात फक्त इथेच सापडतो आणि इथल्या लोकांचं स्वतःच्या भाषेतलं नावच ‘क्वीवी खाणारे’ असं आहे.

नियम इतके कडक का, ते तिथे उभं राहिलं की कळतं. ट्रकी नदी लेक टाहोतून निघते आणि इथे येऊन संपते, पुढे वाटच नाही. १९०५ मध्ये डर्बी डॅम बांधून तिचं पाणी शेतीकडे वळवलं, मासे अंडी घालायला नदीत चढेनात आणि १९४० च्या आसपास इथला मूळ लाहोंटन कटथ्रोट ट्राउट संपला, तोच ट्राउट ज्यातला ४१ पौंडी रेकॉर्ड मासा १९२५ मध्ये याच पाण्यात मिळाला होता. पुढे युटाच्या सीमेवर पायलट पीक डोंगरातल्या एका छोट्या ओढ्यात, कोणीतरी फार पूर्वी सोडलेल्या माशांचा वंश शिल्लक सापडला आणि २००६ पासून ते परत इथे सोडायला लागले. ट्राइबची एक हॅचरी, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र, सटक्लिफलाच आहे. हे सगळं माहीत असताना दोनाच्या जागी तीन मासे घरी न्यायचं मनात तरी कसं येईल?

काही जागा पूर्ण बंद आहेत. उत्तर टोकाचे नीडल्स नावाचे खडक, पूर्वेला खुद्द पिरॅमिडचा खडक आणि स्टोन मदर या खडकाचा परिसर. फोटोसाठीसुद्धा आत जाऊ नका, ती त्यांची श्रद्धेची जागा आहे. तलावातल्या अनाहो बेटावर पेलिकनची मोठी वसाहत आहे, तिथे उतरायला मनाई आहे.

बाकी, लोक पाण्यात शिडी लावून वर उभे राहून गळ टाकतात, कारण थोडं पुढे तळ एकदम खोल जातो आणि मासे त्या कडेने फिरतात. वेडर्स (पाण्यात उभं राहायची वॉटरप्रूफ पँट) जाड घ्या, पाणी बर्फासारखं असतं. वारा अचानक सुटतो, लहान बोट असेल तर लाइफ जॅकेट घालूनच बसा. किनाऱ्याची वाळू दिसायला घट्ट असते पण गाडी रुतते, आमच्या शेजारची एक रुतली, काढायला दोन तास गेले. येताना आय-८० हायवेवर बर्फ असू शकतो, टायरच्या चेन्स ठेवा. आणि वेळ काढून निक्सन गावातलं ट्राइबचं म्युझियम बघा, आम्ही पोचलो तेव्हा बंद झालं होतं, त्यासाठी एप्रिलमध्ये परत जाणार आहे.