कान जोडून द्याल का?

मातीच्या, लाकडाच्या आणि कागदाच्या जुन्या वस्तूंची जपणूक व डागडुजी करणे हा माझा गेल्या पंधरा वर्षांचा व्यवसाय आहे. त्यांपैकी नऊ वर्षे मी टेक्सासमधील सॅन अँटोनियो या शहरात काढली आहेत. येथे एके काळच्या बिअर कारखान्याच्या इमारतीत 1981 साली सुरू झालेल्या कलासंग्रहालयात, अमेरिकन धनिक व राजकारणी नेल्सन रॉकफेलर यांनी 1933 च्या पहिल्या मेक्सिको प्रवासापासून जमवलेल्या लोककलेचा मोठा भाग ठेवलेला आहे. मात्र या शहरात मेक्सिकन लोककला पाहण्यासाठी संग्रहालयात जावेच लागते असे नाही. ती घराघरांतल्या फडताळांवर, कोनाड्यांत आणि बऱ्याचदा चुलीवर असते. ती जमवणाऱ्या हौशी लोकांचे एक मंडळ आहे. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, दोन दंतवैद्य आहेत, आणि आजीच्या काळापासून घरात असलेल्या वस्तूला ‘कला’ म्हणतात हे पन्नाशीनंतर कळलेल्या काही स्त्रियाही आहेत. हे मंडळ दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी एका चर्चच्या सभागृहात मेळा भरवते. मेक्सिकोहून आलेले दोन-तीन कारागीर आपला माल स्वतः विकतात, छताखाली नक्षी कापलेल्या रंगीत कागदांच्या माळा लावतात, आणि दाराजवळच्या एका टेबलावर मी बसते.

त्या टेबलाचे काम सोपे आहे. लोकांनी घरातली वस्तू आणावी. ती कुठली, कशी घडवलेली आणि कशी सांभाळावी, हे मी सांगावे. किंमत मात्र सांगायची नाही. या नियमावर माझी निष्ठा आहे, कारण किमतीचा आकडा एकदा उच्चारला की माणसे वस्तूविषयीचे पुढचे काही ऐकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

त्या शनिवारची सकाळ नेहमीसारखीच गेली. एका गृहस्थांनी मेक्सिकोतील वाहाका राज्यातला रंगीत लाकडी कोल्हा आणला होता, ज्याच्या पायाशी रोज चिमूटभर भुसा पडत असे. हे प्राणी कोपाल नावाच्या मऊ लाकडात कोरतात आणि ते लाकूड भुंगेऱ्याला फार आवडते. कोल्ह्याला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, एवढे सांगून मी त्यांना वाटेला लावले. त्यांच्यामागे एक तरुणी त्याच राज्यातल्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावचा चकचकीत काळा घडा घेऊन उभी होती. तिने त्यात फुले ठेवून पाणी घातले होते आणि खालच्या लाकडी टेबलावर ओल उतरली होती. मी तिला सांगितले की, त्या गावचे घडे पूर्वी राखाडी आणि टणक असत, त्यांत पाणी आणि मेस्कल नावाची दारू भरून नेत. 1950 च्या दशकात रोसा रेआल या कुंभारणीने कच्चा घडा गारगोटीने घासून कमी आचेवर भाजला, तेव्हा ही काळी झळाळी आली. पण अशा घड्यातून पाणी झिरपते. झळाळीसाठी त्या गावाने पाणी सोडले, असे मी जरा नाटकीपणे म्हणाले. ते वाक्य मला तेव्हा आवडलेही होते. दुपारनंतर मात्र ते इतके सहज बोलता आले नसते.

दोनच्या सुमारास साठीच्या एक बाई आल्या. त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेले मोठे भांडे होते आणि परकराला तीनेक वर्षांची नात धरून होती. टॉवेल उघडल्यावर आतून तपकिरी, काचेसारखी लकाकणारी, परातीएवढ्या तोंडाची कासुएला निघाली. प्वेब्ला शहरातील ला लूस या कुंभारवाड्यात मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, रांधण्यासाठी जी रुंद भांडी घडवतात, त्यांपैकी ती होती. तिचा एक कान तुटला होता आणि तो त्यांनी वर्तमानपत्रात बांधून वेगळा आणला होता. आईने लग्नानंतर सीमा ओलांडताना ती मांडीवर ठेवून आणली, असे त्या म्हणाल्या. त्यांना वस्तूची माहिती नको होती. ‘मिहा,’ म्हणजे लेकी, अशी हाक मारून त्यांनी विचारले, “एवढा कान जोडून द्याल का? शुक्रवारी आईसाठी मोले करायचा आहे. एका कानाने विस्तवावरून उतरवता येत नाही.”

शुक्रवारी 1 नोव्हेंबर होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या मृतांच्या दिवसांत मेक्सिकन लोक घरी ओफ्रेंदा, म्हणजे पितरांची मांडणी करतात: फोटो, मेणबत्त्या, झेंडूची फुले आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचे जेवण. आपल्याकडे पितृपक्षात ज्याच्या नावाचे पान, त्याच्या आवडीची भाजी करतात, तसेच हे आहे. फक्त कावळ्याची वाट पाहावी लागत नाही.

मी भांड्याच्या आत पाहिले. तळाशी, जिथे वर्षानुवर्षे लाकडी डाव फिरला होता, तिथली झिलई घासून खडबडीत झाली होती. या झिलईला कुंभार ग्रेता म्हणतात. ग्रेता म्हणजे शिशाचा ऑक्साइड, ज्याला आपल्याकडे मुरदाडशिंग असे जुने नाव आहे. शिशामुळे झिलई कमी आचेवर वितळते आणि सुंदर चमकते, म्हणून साडेचारशेहून अधिक वर्षे, स्पॅनिश कुंभारांनी ती मेक्सिकोत आणल्यापासून, ती वापरात आहे. मात्र लाकडाच्या भट्टीत उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही, शिसे मातीतल्या वाळूशी पुरते बांधले जात नाही, आणि टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर लागले की ते अन्नात उतरते. मेक्सिकोत 2018 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत एक ते चार वर्षांच्या सुमारे पाचांपैकी एका मुलाच्या रक्तात शिसे जास्त आढळले, आणि त्याचे एक मुख्य कारण ही भांडी होती. बोरॉनची बिनशिशाची झिलई उपलब्ध आहे आणि काही कुंभार ती वापरतातही, पण ती सगळ्यांच्या भट्टीला आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याला मानवत नाही.

मी विचारले, “यात मोलेशिवाय आणखी काय करता?” त्यांनी सहजपणे सांगितले: रविवारी भात, उन्हाळ्यात साल्सा, म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी, साल्सा रात्रभर त्यातच झाकून ठेवतात, चव येते. नातीला ती फार आवडते.

माझ्या पेटीत शिसे तपासण्याच्या कापसाच्या कांड्या असतात. मी एक कांडी घासलेल्या जागी अर्धा मिनिट फिरवली. पिवळट टोक आधी गुलाबी आणि मग कुंकवासारखे लाल झाले. लाल होणे म्हणजे काय, हे सांगण्याची वेळ आली तेव्हा माझे स्पॅनिश अपुरे पडले. माझ्या आजीच्या घरी कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कोणी ताक ओतले तर ती म्हणायची, “कळकेल!” तो एकच शब्द मला हवा होता. पितळेत कळकलेले ताक निदान हिरवट दिसते आणि तोंडाला तुरट लागते. अन्नात उतरलेले शिसे ना रंगाने कळते, ना चवीने. हे मी तीन-चार वाक्यांत, अडखळत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “माझी आई यातच जेवून एक्याऐंशी वर्षे जगली.” या उत्तराला माझ्याकडे प्रत्युत्तर नव्हते आणि ते शोधण्याचा मी प्रयत्नही केला नाही. मी फक्त नातीकडे पाहून म्हणाले की लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसे शोषून घेते. तिची रक्ततपासणी करून घ्या, आणि दर डेसिलिटर रक्तात 3.5 मायक्रोग्रॅम शिसे, या मर्यादेविषयी डॉक्टरांना विचारा.

एवढ्यात मंडळाचे एक जुने सदस्य, जे शेजारच्या टेबलावरून सगळे ऐकत होते, पुढे आले आणि त्यांनी कासुएलेसाठी चांगली किंमत देऊ केली. माणूस सज्जन आहे, त्यांचा हेतूही वाईट नव्हता. “माझ्याकडे ती काचेआड सुरक्षित राहील,” असे ते म्हणाले. बाईंनी टॉवेलाचे एक टोक भांड्यावर ओढून घेतले, जसा कोणी परक्यासमोर पदर सावरावा, आणि पुन्हा माझ्याकडे वळून विचारले, “कान जोडाल ना?”

खरी अडचण इथे होती. आम्ही भाजलेली माती पॅरालॉइड बी-72 या ॲक्रिलिक राळेने जोडतो, कारण ती पिवळी पडत नाही आणि पुढे कोणाला सांधा सोडवायचा झाल्यास ॲसिटोनने सुटते. पण ती साधारण 40 अंशांनाच मऊ पडू लागते. ऐन उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवलेला सांधाही सरकतो, मग चुलीचे विचारायलाच नको. मी कान जोडला असता तर भांडे कायमचे शोभेचे झाले असते, आणि बाईंना न सांगता जोडला असता तर उकळता मोले उतरवताना कान हातात आला असता. चुलीवर टिकणारे गोंद बाजारात मिळतात, पण ते लावणे म्हणजे साल्सा चालू ठेवायला मदत करणे. मी त्यांना हे सगळे सांगितले. गोंद कोणता लावते आणि तो काय सहन करत नाही, हे सांगणे हा आमच्या कामाचाच भाग आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ते एखाद्याचे काही काढून घेतल्यासारखे वाटले.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आम्ही स्टीलच्या पातेल्यातले खाऊ. आईसाठी वाटीभर यात करते. तिला आता शिसे काय करणार?”

मला हसू आले आणि त्यांनाही. पण मांडणीवरचे जेवण नंतर कोण खाते, हे मला ठाऊक होते. मृतांनी सुगंध नेलेला असतो, म्हणून ते थोडे बेचव लागते असे म्हणत घरचेच खातात, मुले सर्वांत आधी. मी तसे विचारले. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मग जोडा. तुमच्याच गोंदाने जोडा.”

सोमवारी प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण यंत्राखाली मी कासुएला धरली. पडद्यावर शिशाची रेघ इतकी उंच गेली की बाकीची मूलद्रव्ये तिच्यापुढे दिसेनाशी झाली. मंगळवारी सांधा जोडला, बुधवारी वाळूच्या खोक्यात तोलून ठेवला, गुरुवारी भांडे पोचवले. नातीच्या रक्तातला आकडा पुढे मर्यादेच्या आत निघाला. बाईंना मात्र डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावले होते. आईच्या फोटोसमोर कासुएला होती, आणि तिच्या आत मोलेने भरलेले स्टीलचे पातेले अगदी मापाने घडवल्यासारखे बसले होते. सगळे स्वयंपाकघरात होते. सांध्याजवळच्या बाजूला दोन जाड मेणबत्त्या जळत होत्या. मी कानाला बोट लावून पाहिले; तो कोमट लागला. मी दोन्ही मेणबत्त्या उचलून फोटोच्या पलीकडे, हातभर लांब ठेवल्या.