मारुती ८०० चं काम: गाडी ठोकळ्यांवर, टायर भिंतीला

मागच्या नोंदीत रंगकाम आटोपल्याचं कळवलं होतं. त्यानंतर ब्रेक शू, व्हील सिलिंडर आणि पुढची बेअरिंगं झाली. तरी गाडी अजून लाकडी ठोकळ्यांवरच आहे, कारण आता टायरचा नंबर लागलाय आणि या कामात घाई करायची माझी तयारी नाही.

१९९८ च्या या गाडीला पुढे १४५/७० आर १२ होते, मागे १४५/८० आर १२. पुढचं माप ८०० चं, मागचं अल्टोचं. आधीच्या मालकाला कुणीतरी ‘बारा इंचीच आहे, बसतोय’ म्हणून ते देऊन टाकले असणार. रिमवर ते चढतात हे खरं, पण मधल्या आकड्यातल्या दहाच्या फरकाने काय होतं ते एकदा वहीवर मांडून बघा.

१४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ही फुगवलेल्या टायरची एका कुशीपासून (म्हणजे बाजूच्या भिंतीपासून) दुसऱ्या कुशीपर्यंतची रुंदी. रस्त्याला टेकणारा पट्टा याहून कमी भरतो, त्यामुळे नक्षीवर टेप लावून १४५ शोधू नका. ७० म्हणजे टक्के: कुशीची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १०१.५ मिमी. आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १२ हा रिमचा व्यास, पण इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिन्ही नांदतात, म्हणूनच बहुतेकांचा गोंधळ उडतो. बारा इंच म्हणजे ३०४.८ मिमी. त्यात वरची आणि खालची कूस मिळवली की चाकाचा पूर्ण व्यास ५०७.८ मिमी. हेच गणित ८० ने केलं तर ५३६.८. म्हणजे २९ मिमीचा फरक, जवळजवळ पावणेसहा टक्के.

८०० पुढच्या चाकांवर चालते आणि वेगाच्या मीटरची केबल गिअरबॉक्समधून येते. म्हणून नुसते मागचे टायर मोठे असल्याने मीटरला काही झालं नव्हतं. गाडीची पाठ मात्र साडेचौदा मिमी वर होती, त्यामुळे नाक त्यामानाने खाली. गाडी घेतली तेव्हापासून ती पुढे झुकल्यासारखी दिसायची. मागच्या स्प्रिंग बदलाव्या लागतील असं दोघातिघांनी सांगितलं होतं. स्प्रिंग ठीकच आहेत.

चारही टायर ८० चे घातले तर? ग्राउंड क्लिअरन्स वाढतो, खड्ड्यांत पोट घासत नाही, आणि म्हणूनच हा बदल आपल्या मंडळींत इतका चालतो. पण मग मीटरवर ६० दिसताना गाडी साधारण ६३ ने धावत असते. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणं मला अजिबात पटत नाही. शिवाय प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. सपाटीवर इंजिन शांत वाटतं, पण चार माणसं घेऊन घाट चढताना ७९६ सीसीच्या इंजिनाला ते जाणवणारच. आपल्या गाडीचं सगळं मोल तिच्या हलकेपणात आणि पटकन उठण्यात आहे. ते मी क्लिअरन्ससाठी सोडणार नाही.

आता या वेळचा सगळ्यात आनंदाचा भाग. बारा इंचात आणखी कोणकोणती मापं आहेत ते बघताना नॅनो आठवली. तिचे पुढचे टायर १३५/७० आर १२ आणि मागचे १५५/६५ आर १२. मागच्याचं गणित केलं: १५५ चे ६५ टक्के १००.७५, दुप्पट २०१.५, अधिक ३०४.८, म्हणजे ५०६.३ मिमी. आपल्या मूळ मापाहून फक्त दीड मिमी कमी! रुंदी दहाने वाढली, टक्के पाचने उतरले आणि व्यास होता तिथेच राहिला. मीटर बिघडत नाही, गिअर लांबत नाहीत, वर थोडी पकड जास्त. रुंदी वाढवताना टक्के तेच ठेवले तर असं होत नाही. १५५/७० ला चाक ५२१.८ वर जातं, कारण टक्के रुंदीचेच असतात.

मापाच्या पुढे असतं ६९ एस, तेही वाचायलाच हवं. ६९ हा भाराचा निर्देशांक, एका टायरला ३२५ किलो. चार टायरचे १३००, आणि रिकामी ८०० साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे भरपूर जागा आहे. अल्टोच्या मापावर ७४ असेल तर ते ३७५ किलो. एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंत. आपण तिथे कधी जात नाही, तरी कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचा आकडा किंवा अक्षर घेऊ नये, विशेषतः उन्हाळ्यात भरलेली गाडी हायवेवर न्यायची असेल तर.

स्टेपनी बहुधा गाडीबरोबरचीच आहे. तिच्यावर १४५/७० एसआर १२ असं जुन्या पद्धतीने लिहिलंय, वेगाचं अक्षर आर च्या आधी. नक्षी कोरी करकरीत, पण रबराला बारीक चिरा. टायर बनल्याच्या तारखेच्या जागी तीनच आकडे, म्हणजे २००० च्या आधीचा माल. २००० पासून चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ती स्टेपनी मी रस्त्यावर वापरणार नाही, नक्षी कितीही असो.

हीच तारीख नाना पेठेत कामाला आली. एका दुकानात १४५/७० लगेच मिळत होते, भावही उतरवला होता. कुशीवर ३११९. म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. नको म्हटलं. तारीख बऱ्याचदा एकाच बाजूला पूर्ण असते, तेव्हा टायर उलटा करून बघायला संकोचू नका. आयएसआयचा शिक्का आणि ट्यूबलेस की ट्यूब टाइप हेही तेव्हाच बघून घ्या.

शेवटी दुसऱ्या दुकानात ताज्या तारखेच्या १४५/७० आर १२ ६९ एस ची ऑर्डर दिली, स्टेपनी धरून पाच. मूळ गाडी मूळ मापावर, हा माझा हट्ट आहे. बसवताना पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर ठेवायला सांगणार आहे. तो टायरची हलकी बाजू दाखवतो, त्यामुळे बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. मग अलाइनमेंट, आणि मोबाइलच्या जीपीएसशी मीटर ताडून बघणं.

नॅनोचे मागचे टायर ८०० च्या मूळ रिमवर कुणी चालवलेत का? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत कुठे घासतं का, आणि पार्किंग करताना ते किती जड होतं, एवढं नक्की कळवा. व्यासाचं गणित वहीत जमतं, या दोन गोष्टी जमत नाहीत.