वाडीत पाणी चढतं तेव्हा

श्रावण, शनिवार रात्र. लाईट अजून आहे.

पहाटे नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात चढता दक्षिणद्वार झाला. कृष्णेचं पाणी उत्तरेकडून देवळात शिरलं, दत्त महाराजांच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं. त्या दारात स्नानाला ही गर्दी! उत्सवमूर्ती आधीच वर नारायणस्वामींच्या देवळात नेली होती. डोक्यावरून पाणी घेताना दरवर्षीसारखेच डोळे भरून आले.

आणि घरी येऊन पहिलं काम केलं ते धान्याची पोती माळ्यावर चढवायचं. नृसिंहवाडीत हे दोन्ही एकाच दिवशी करावं लागतं. पेढे आणि कवठाची बर्फी घेऊन परतणाऱ्यांना त्यातलं एकच दिसतं.

दिवसभर गावात एकच प्रश्न, "आयर्विनला किती?" सांगलीच्या त्या पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे, यावर आमचं पुढचं सगळं ठरतं. कोयनेतून किती सोडलं तेही विचारायचं. पण नुसत्या कृष्णेवर भागत नाही. कृष्णा फुगली की संगमावर पंचगंगेला वाट मिळत नाही, तिचं पाणी मागं तुंबतं आणि शिरोळ तालुक्यातली गावं दोन्हीकडून वेढली जातात. म्हणून कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडाही हवाच. 2019 ला आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा अख्खी वाडी रिकामी झाली.

शेजारच्या आज्जी मोबाईल बघत नाहीत. त्या घाटाच्या पायऱ्यांवरून सांगतात. संध्याकाळी म्हणाल्या, "आता दमानं चढायलंय, पण थांबायचं न्हाई. जनावरं काढा." पूर्वी होडी नसली तर गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून माणसं बाहेर काढायचे, त्यातून त्याही आल्यात. त्यांच्या शब्दावर गल्लीतल्या सगळ्यांनी दावी सोडली. कुणाच्या ट्रॉलीत कुणाची म्हैस, हे विचारावं लागलं नाही. ज्यांचं घर उंचावर, त्यांच्याकडं म्हाताऱ्यांची अंथरुणं पोचलीसुद्धा.

नदीकाठच्या मळीतली वांगी मात्र गेली. नदी गाळ टाकून जाईल, पुढचं पीक जोमात येईल हे खरं. पण या वर्षीचा पैसा बुडाला, तो कोण भरून देणार? पंचनाम्यात पाण्याखालचं रान धरतात, बाईनं परसात लावलेली चार सरी भाजी धरत नाहीत. ती धरायला हवी. आठवड्याचा बाजार तिच्यावर चालतो.

आत्ताच गल्लीत हाक आली, पाणी अजून एक पायरी चढलंय. सकाळी सासूबाईंना जयसिंगपूरला नणंदेकडं सोडायचं, औषधांची पिशवी आत्ताच भरून ठेवते.