टाकीचा नोड: दुपारी आपोआप चढणारं पाणी

गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी मोजणारा नोड, म्हणजे छोटं यंत्र, महिनाभर चालतोय. ईएसपी३२ ही वाय-फायवाली चिप, झाकणाला प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा जेएसएन-एसआर०४टी सेन्सर, सोबत एक १८६५० रिचार्जेबल सेल. दर दहा मिनिटांनी जागा होतो, पाच मापं घेऊन मधलं ठेवतो, ईएसपी-नाऊने (राउटरशिवाय थेट रेडिओ संदेश) खालच्या नोडला पाठवतो आणि पुन्हा झोपतो. वाय-फायला जोडून घेण्यात जाणारे सेकंद वाचतात, म्हणून सेल टिकतो.

पहिल्याच आठवड्यात आलेख बघून चक्रावलो. पंप बंद, तरी दुपारी टाकीत पाणी चढतंय! संध्याकाळी तेवढंच उतरतंय. गळती नाही, भुताटकी म्हणावी तर रोज ठरल्या वेळी.

दोष माझ्या कोडचा निघाला. ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद असा कायमचा लिहून ठेवला होता. तो २० अंश सेल्सिअसचा. झाकणाखालची हवा ४० अंशांवर गेली की वेग ३५५च्या घरात जातो, प्रतिध्वनी लवकर परततो आणि पाणी जवळ आल्यासारखं दिसतं. टाकीत वरून एक मीटर रिकामं असेल तर जवळपास साडेतीन सेंटिमीटरचा फरक. माझ्या टाकीचा व्यास १.१ मीटर, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला साडेनऊ लिटर. तेहतीसएक लिटर पाणी नुसतं हवेतलं!

डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर जोडला आणि वेग ३३१.३ + ०.६०६ × तापमान या सूत्राने काढायला लागलो. आधी तो आळस करून झाकणालाच चिकटवला होता. झाकण हवेपेक्षा तापतं, त्यामुळे आता दुपारी पाणी उतरायला लागलं. शेवटी वायरीने रिकाम्या जागेच्या मध्यावर लोंबता सोडला, तेव्हा रेघ सरळ झाली.

रेघ सरळ झाल्यावर खरी गंमत दिसली. रात्री बारा ते सकाळी सहा, घर झोपलेलं, तरी दोन सेंटिमीटर घट. रोज. एकोणीस लिटर सहा तासांत, म्हणजे मिनिटाला पन्नासएक मिलिलिटर. पाइपवरच्या वायएफ-एस२०१ या प्रवाहमापकाने यातलं काहीच मोजलं नव्हतं, आणि त्याला दोष नाही. त्याची मर्यादाच मिनिटाला एक लिटरपासून सुरू होते. एवढ्याशा धारेने आतलं चक्र फिरतच नाही.

फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला. अर्ध्या तासात भांड्यात रंगीत ओघळ. वॉशर बदलला, दुसऱ्या रात्रीपासून रेघ आडवी.

मध्ये दोन दिवस नोड गप्प होता. राउटरने आपणहून चॅनेल (रेडिओचा पट्टा) ६ सोडून ११ धरलं. खालचा नोड वाय-फायवर असल्याने त्याच्यामागे गेला, वरचा ६वरच ओरडत राहिला. राउटरचं चॅनेल आता पक्कं केलंय. उत्तर आलं नाही तर नोडने स्वतः सगळी चॅनेलं चाचपावीत, ते कोड अर्धवट आहे.

टाकी काठोकाठ भरली की मात्र आकडे अजून वेडेवाकडे येतात. सेन्सरला पुढचे वीस-पंचवीस सेंटिमीटर दिसत नाहीत. झाकणावर उंच बूच बसवून तो वर उचलायचाय, पण अरुंद पाइपात ठेवला तर भिंतींचेच प्रतिध्वनी येतात. कुणी हे जमवलं असेल तर बुचाचा व्यास सांगा.