पांढरा गंज

कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात लोखंड चार महिने कोरडं राहत नाही. त्यामुळे गंजलेलं काही आलं म्हणून बेळगावकडच्या खानापुरातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात कुणी दचकत नाही. गेल्या आषाढात मात्र जांबोटीकडच्या एका मामांनी पोतं सोडलं आणि माझा हात थांबला. आत लाकूड कापायची जुनी चेनसॉ होती.

“बाबांची हो. ते गेल्यापासनं गोठ्यातच पडून होती. चालू होतीया काय बघा की.”

गोठ्यातली ओल, त्यात गुरांच्या मुताचा खार. दोरी ओढली तर हलेना; पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. स्पार्क प्लग काढून डिझेल आणि ऑइल ओतलं, दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून मागं-पुढं, मागं-पुढं करत सोडवला. रिंग जिथं चिकटली होती तिथं एक तांबूस रेघ उमटली होती, पण आतला क्रोमचा थर शाबूत होता. तो उडाला असता तर मी काम परत केलं असतं.

लोखंडी भागांसाठी मी मळीचा टब ठेवतो. गुरांच्या खाद्यात घालतात तीच मळी, एक भागाला नऊ भाग पाणी. वास मारतो, आठ-दहा दिवस लागतात, पण मळी गंज तेवढा खाते आणि चांगलं पोलाद राखते. संध्याकाळी निघताना मी हाताखालच्या पोराला म्हणालो, “गंजलेलं सगळं टबात टाक.”

सकाळी टबातून बारीक बुडबुडे येत होते. लोखंडी बोल्टांना टेकून तळाशी क्लच कव्हर पडलं होतं. ते मॅग्नेशियमचं. त्याच्यावर पांढरी पूड साचली होती; पोरानं तिलाही गंज धरलं, आणि तो गंजच होता! चूक माझ्या सांगण्यात होती. मळीचं पाणी आंबट, मॅग्नेशियमला आंबट सोसत नाही. वर ओल्यात पोलाद टेकलं की ते मॅग्नेशियम आणखी झपाट्यानं झिजतं. कव्हर काळं पडलं होतं, अंगभर खड्डे.

लगेच स्वच्छ पाण्यानं धुतलं, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात घातलं. मॅग्नेशियमला सोडा चालतो. ॲल्युमिनियमचं उलटं असतं, म्हणून सिलिंडर त्यापासून लांब ठेवला. बोल्टांची भोकं वाचली होती. क्रँककेसही मॅग्नेशियमचीच, तिची पांढरी पूड मी स्वतः पितळी ब्रशनं, हळूहळू काढली. तिथं ग्राइंडर लावायचा नाही. मॅग्नेशियमचा कीस पेटला तर पाण्यानं विझत नाही, उलट भडकतो.

बेअरिंगांच्या गोळ्यांवर गंजाचे टिपके होते, दोन्ही नवीन घातली, ऑइल सीलही. फ्लायव्हीलचं चुंबक बारीक पॉलिश पेपरनं घासलं आणि ते नि ठिणगी देणारी कॉइल यांच्यामधली फट व्हिजिटिंग कार्ड सरकवून बसवली, साधारण 0.3 मिलिमीटर. कव्हरला इपॉक्सी प्रायमर मारून रंग दिला. खड्डे तरी दिसत होतेच.

मामा आले तेव्हा मशीन चालू करायच्या आधी कव्हरचं सगळं सांगितलं, मजुरीतून त्याचे पैसेही वजा केले. त्यांनी खड्ड्यांवरून बोट फिरवलं.

“बाबांच्या तोंडावर देवीचे वण होते. असंच दिसायचं बघा.”

मग त्यांनीच दोरी ओढली. सातव्या ओढीला मशीन बोललं.